सहकुटुंबात तू येतेस की नाही?

हॅलो?… निशिगंधा?… हो, मी संजीवनीकाकू, सेम्बावांगहून. तू फोनवर ठेवलेला निरोप मिळाला. दोनदा ऐकला…

नाही, तुझं नंतर. आधी माझं ऐक… देवासमोर बसायला देह शुद्ध आहे की नाही, असं तू मला विचारलं आहेस. प्रश्न जुना आहे, आणि विचारणाऱ्या भाबडेपणाने विचारतात, म्हणून मी त्याला कधी हसत नाही. पण त्याच्या आधी दुसरा प्रश्न येतो. तो देह बरा आहे का? देवाला काय चालेल याची चौकशी करायची, आपल्याला काय झालं आहे याची करायची नाही, आणि या हेळसांडीला श्रद्धा म्हणायचं, हा अधर्म आहे, निशिगंधा. याहून सौम्य शब्द मी शोधला, सापडला नाही… हं. आता बोल.

हो, रविवारची तुमची वास्तुशांत मीच सांगणार आहे… हो, आंब्याची पानं टेक्का मार्केटातली चालतील… अगं, होमाच्या धुराने कॉन्डोचा अलार्म वाजेल का, हे तू आठवडाभर विचारते आहेस, आणि मी आठवडाभर सांगते आहे की खिडक्या उघड्या ठेवायच्या. ते राहू दे. निरोपात जे विचारलंस ते पुन्हा विचार…

हळू का बोलतेस?… कुठे आहेस तू?… बॉम्ब शेल्टरमध्ये?

म्हणूनच आवाज तुटतो आहे… युद्ध झालं तर कुटुंब वाचावं म्हणून या देशाने घराघरांत जाड भिंतींची खोली बांधायला लावली, आणि तू तिथे लोणच्याच्या बरण्या आणि सुटकेस यांच्या मधोमध नवऱ्यापासून लपून उभी आहेस. दार जरा किलकिलं कर… हं. आता येतं ऐकू.

तर, पाळी आली आहे, म्हणतेस. पाळी जाऊन किती वर्षं झाली होती?… तीन. तीन वर्षं काही नाही, आणि आता पुन्हा… ही पहिलीच वेळ?… दिवाळीच्या सुमारासही?… आणि मध्ये एकदा थेंबभर. थेंबभर असलं की धरायचं नाही, हे तुला कोणी शिकवलं?

काय म्हणालीस?… उष्णता.

उष्णता हा आपल्या बायकांचा घरगुती वैद्य आहे. फी घेत नाही, तपासत नाही, आणि प्रत्येक दुखण्याला स्वतःचंच नाव देतो. त्यातून आपण राहतो विषुववृत्ताच्या शेजारी, म्हणजे त्याचा धंदा बाराही महिने चालू… सब्जा घेतलास?… घेतलासच. गुलकंद?… अर्थात.

तुझी शेजारीण अनघा काय म्हणाली?… 'तारुण्य परत आलं'?… आणि दोघी लिफ्टपाशी उभ्या राहून हसलात… छान. हसायला माझी हरकत नाही. पण एकदा गेलेली पाळी अशी वर्षांनी पाहुणी म्हणून येत नसते, निशिगंधा. जे येतं त्याला पाळी म्हणू नये. तो रक्तस्राव आहे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी त्याचं कारण डॉक्टरने शोधायचं असतं, शेजारणीने नव्हे.

आणि त्या गोळ्या? निरोपात तू गोळ्यांचंही विचारलं होतंस… अनघाच्याच. पुण्याहून गणपतीसाठी आणलेल्यांतल्या उरलेल्या… कळलं.

दर भाद्रपदात मला हे फोन येतात. काकू, गौरी यायच्या आहेत, पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ का? मी प्रत्येकीला एकच सांगते, गौर माहेरपणाला येते. माहेरी आलेल्या लेकीला आईची पाळी समजत नसेल, असं तुम्हाला वाटतं तरी कसं?… हो, तरीही घेतात. देवीला समजेल, पण सासूबाईंना समजणार नाही, असा त्यांचा हिशेब असतो.

पण तुझं त्याहून वाईट आहे. त्यांना निदान माहीत असतं की त्या काय पुढे ढकलत आहेत. तुला तेही माहीत नाही. घरात धूर कुठून येतो हे पाहायचं सोडून तू अलार्मच बंद करायला निघालीस… घेतलीस का एखादी?… आज सकाळी. बरं. दुसरी घ्यायची नाही. आणि डॉक्टरांना ते पाकीट दाखवायचं, पर्सच्या तळाशी लपवायचं नाही.

निशिगंधा, एक विचारू? 'आरोग्यसखी' हा आपल्या बायकांचा व्हॉट्सॲप गट तूच चालवतेस ना?… मीही आहे त्यात. मुकाट्याने असते, म्हणून तुझ्या लक्षात नसेल… काल पहाटे तू आम्हाला भेंडीचं पाणी प्यायला सांगितलंस. परवा साखर म्हणजे पांढरं विष. त्याच्या आधी दुधीचा रस, आणि कडू लागला तरी नाक दाबून प्या, असं खाली लिहिलं होतंस…

लिहिलं होतंस. मी वाचलं आहे… अगं, कडू दुधी फेकून द्यायचा असतो. आपल्या आया दुधी चिरताना पहिली चकती जिभेला लावून बघत, ती काय चव आवडायची म्हणून? कडू दुधीचा रस पिऊन माणसं रुग्णालयात जातात… नाही, आत्ता दुरुस्ती पाठवायला बसू नकोस. फोन ठेवल्यावर पाठव. तुझं हे असंच आहे, दुसऱ्याचं काम निघालं की तुला हुरूप येतो.

शिरीषराव काय करताहेत?… घड्याळ बघताहेत. वेळ नव्हे, झोप. किती गाढ लागली होती ते… फार सावध मनगट आहे त्यांचं, रात्रीसुद्धा पहारा देतं. चांगी बिझनेस पार्कातल्या त्यांच्या बँकेकडून दर वर्षी नखशिखांत तपासणी होते, आणि कोलेस्टेरॉल जरा वर गेलं तर तू घरातलं तूप बंद करतेस. गेल्या गणपतीत मोदक कोरडे खाल्ले आम्ही… तुझी तपासणी शेवटची कधी झाली?

…गार्गीच्या वेळी.

गार्गी आता युनिव्हर्सिटीत आहे, निशिगंधा. ती पोटात असताना कोणा डॉक्टरने तुला बरी म्हटलं, आणि त्या शब्दावर तू आजवर निभावते आहेस. एवढा विश्वास माझा वेदांवरही नाही.

रविवारनंतर?… रविवारनंतर गार्गीची परीक्षा… मग शिरीषरावांची आई येणार… मग श्रावण. हो, हो… ऐकते आहे. तुझ्याकडे सगळ्यांसाठी दिवस आहेत. तुझ्या पोटात जे काही आहे, त्याने मात्र तुझं कॅलेंडर वाचलेलं नाही.

काय?… दुसऱ्या गुरुजींना बोलावतेस?

बोलाव… नाही, मुळीच रागावले नाही. विद्वान माणसं आहेत इथे, माझ्याहून खणखणीत आवाजाची. फक्त एवढं कर, हाच प्रश्न त्यांना तुझ्या तोंडाने विचार.

…विचारशील?

नाही विचारता येणार. शिरीषरावांना विचारता आलं नाही, गार्गीला सांगता आलं नाही, ज्या गटाला रोज पहाटे उठवतेस त्या गटातल्या एकीलाही सांगता आलं नाही. मी बाई आहे आणि पूजा सांगते, म्हणून सोवळ्याचं निमित्त करून मला विचारलंस… तुला शास्त्रार्थ नको होता, निशिगंधा. तुला भीती वाटते आहे.

…हॅलो?…

हो… आहे मी… रड. मी फोन ठेवत नाही.

…कोण? थोरली मावशी?… तिलाही असंच होत होतं? अस्सं… आणि ती काय म्हणत होती?… उष्णता. वर्षभर उष्णताच म्हणत होती…

हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी हेच बोलले असते, आवाज थोडा खाली ठेवला असता.

आता डोळे पूस आणि नीट ऐक. बहुतेक जणींना यातून भयंकर काही निघत नाही. वयाने आतलं अस्तर नाजूक होतं, एखादी साधी गाठ असते, उपाय होतो. थोड्यांना निघतं. त्या थोड्यांतल्या ज्या डॉक्टरकडे लवकर जातात, त्या बहुधा बऱ्या होतात. तुझी मावशी डॉक्टरकडे उशिरा गेली. तू यातली कोणती, हे मला सांगता येत नाही, माझ्या पोथीला येत नाही, आणि तुझ्या भेंडीच्या पाण्याला तर नाहीच. तपासल्यावर कळेल. तपासणीला भ्यायचं कारण नाही, तपासणी काही आणत नाही. असलं तर दाखवते.

…पूजेला बसायचं का, हो ना? अजून तिथेच आहेस… बस. पूजा आज असती तर आजही बस म्हटलं असतं. मी सांगते त्या पूजेतून या कारणासाठी कोणी बाई उठलेली नाही, आणि देवाने माझ्याकडे तक्रार केलेली नाही.

थांब, एवढ्यात सुटका झाली असं समजू नकोस. रविवारी आपण आरंभ कशाने करणार?… संकल्पाने. शिरीषरावांच्या तळहातावर मी पाणी घालीन, तू नेहमीप्रमाणे त्यांच्या हाताला हात लावून बसशील, आणि मी म्हणवून घेईन, सहकुटुंबानाम्… पुढे काय मागतो आपण?… क्षेम. स्थैर्य. आयुष्य. आणि?… आरोग्य. बरोबर. आता मला सांग, त्या सहकुटुंबात तू येतेस की नाही?

…ऐकू आलं नाही.

…येतेस. मग डॉक्टरकडे न जाता तू त्या पाटावर बसलीस, तर संकल्प खोटा होतो. खोटा संकल्प मी सांगत नाही. कलशावर नारळ ठेवायच्या आधी तुला विचारीन, आणि नाही म्हणालीस तर पिशवी उचलून तशीच एमआरटीच्या गाडीने सेम्बावांगला परत… हो, पन्नास पाहुण्यांदेखत. पुरणपोळी तुम्ही खा.

आता बाहेर ये त्या खोलीतून… आलीस? शिरीषरावांना तू सांगतेस की मी सांगू?… बरं. दे त्यांना.

…नमस्कार, शिरीषराव… नाही नाही, वेळ ठरली तीच आहे. वेगळं बोलायचं होतं. निशिगंधाची पाळी तीन वर्षांपूर्वी गेली, आणि दिवाळीपासून तिला तीनदा रक्तस्राव झाला आहे. तिच्या मावशीचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल… हो. ती रडते आहे ती त्यामुळे…

पूजा आटोपली की बघू?… शिरीषराव, उद्या तुमच्या मनगटावरच्या यंत्राने हृदयाचा एक ठोका चुकला असं दाखवलं, तर तुम्ही पूजा आटोपायची वाट पाहाल?… नाही ना. अर्ध्या तासात टॅक्सीत असाल, आणि शेजारी हीच बसलेली असेल, तुमची फाइल मांडीवर घेऊन.

…तुम्हाला माहीत नव्हतं, हे खरं आहे. तिने लपवलं, हेही खरं आहे. पण पाया लेबारच्या तुमच्या तीन खोल्यांत एवढे महिने लपून राहिलं, याचं श्रेय एकटीचं नव्हे…

उद्या रजा काढता?… उत्तम. सरकारी पॉलिक्लिनिकला जा नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा, पण उद्याच जा. ते पुढे स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवतील, स्कॅन सांगतील. नुसती गोळी देऊन परत पाठवलं तर उठू नका, कारण विचारा. आणि आत जाताना तिच्याबरोबर जा. बाहेर बसून झोप मोजू नका… हसलात तरी चालेल. द्या तिला.

…हं. काय म्हणाले?… हात धरला. बरं केलं. रविवारपर्यंत सवय होईल.

गार्गीने ऐकलं?… डॉक्टरकडे नोंदणी केलीसुद्धा? फोनवरच?… बघ, जे तुला महिन्यांत जमलं नाही ते मुलीने उभ्या उभ्या केलं… काय म्हणते?… 'मम्मी, व्हाय नेव्हर टेल मी?'… चोख विचारते आहे. मला नको सांगूस, तिला उत्तर दे. ती आईला पाहूनच शिकेल, की दुखलं तर सांगायचं की शेल्टरमध्ये जायचं.

उद्या सकाळी निघताना फोन कर. आल्यावरही कर. डॉक्टर जे सांगतील ते जसंच्या तसं सांग, गोड करून नाही… आणि ती दुधीची दुरुस्ती आज पाठव. खाली, दुखणी अंगावर काढू नका, असंही लिही, पण उद्या जाऊन आल्यावर. आधी नाही.

…अगं, फोनवरून कसला वाकून नमस्कार?… बरं, कर.

…एरवी मी अखंड सौभाग्यवती भव म्हणते, तुलाही कित्येकदा म्हटलं आहे. तो आशीर्वाद शिरीषरावांच्या आयुष्याचा असतो. तो त्यांना रविवारी मिळेल. आजचा तुझा आहे.

आयुष्मती भव, निशिगंधा.

…हो, बाळ. ठेव आता.