जळतो, पण मारत नाही

सकाळचे साडेदहा, शाहूपुरीतलं शोभेच्या माशांचं दुकान. माझ्या घरच्या टाकीचं पाणी पुन्हा हिरवं झालेलं, दोन मासे मेलेले, तिसरा पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होता. शेवाळ मारणारा यूव्ही दिवा मी गेल्या वर्षी इथूनच नेला होता.

"दिवा बदला," मालक म्हणाला.

"का? जळतोय की!"

"जळतोय, पण मारत न्हाय. वर्षात ताकद जाती त्याची."

"मग उघडून बघू?"

"नगा! डोळं जातील."

"अहो, मग ताकद गेली हे कळायचं कसं?"

"पाणी हिरवं झालं की कळतंय की, सायेब."

मुलाखतीत मंत्र्यांना घाम फोडणारा पत्रकार मी, मुकाट्यानं नवा दिवा घेतला. निघताना त्याच्या दारातली मोठी टाकी दिसली. पाणी आरशासारखं.

"हिच्यात कुठला दिवा?"

"हिच्यात न्हाय."

"मग पाणी स्वच्छ कसं?"

"या पावणं, या!" म्हणत तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला, तो अजून माझ्याकडं वळलेला नाही.