अरिबाच्या चित्रातला नाग

हॅलो?… हो, मी दीपमालाबाईच, चित्रकलेच्या… अहो, अरिबाच्या आई! अभिनंदन! आंतरशालेय स्पर्धेत पहिला नंबर म्हणजे काय गंमत आहे? शाळेला सहा वर्षांनी मिळतोय. आमच्या मुख्याध्यापकांना चक्क हसताना पाहिलं मी…

हो, बक्षीस समारंभ शनिवारी सकाळी दहाला, कोथरूडला. खडकीहून चांगलं तासभर आधी निघा हं, ट्रॅफिक…

काय? येणार नाही म्हणते?… का? ताप आहे का?… रडतेय? कालपासून?… अहो, लाजत असेल. स्टेज म्हटलं की मुलं…

बरं. बरं, सांगा.

चित्र तिचं नाहीच म्हणते? असं कसं? मागे तिचं नाव आहे, पाचवी ब, खाली माझी सही…

हो, ग्रुपवर आलेला फोटो त्याचाच. मीच टाकला… हो, कात्रजचं सर्पोद्यान. ‘माझी आवडती जागा’ हाच विषय होता… हो, नाग आहे. पिवळा, फणा काढलेला. काय छान उठून दिसतो…

हं… तिनं दिलं तेव्हा नव्हता.

अहो, ऐका ना. चित्र तिचंच आहे. काच तिची, काचेमागचा दगड तिचा, काचेला नाक लावून उभी असलेली ती आणि तिचा भाऊ, तेही तिचेच. मी फक्त जरा हात फिरवला. सगळ्याच शाळा फिरवतात हो! परीक्षक एका चित्राला अर्धं मिनिट देतात. सर्पोद्यानात सापच नाही म्हटल्यावर ते म्हणणार, पोरगी विसरली…

नाही. तिला नाही विचारलं. शेवटचा दिवस होता, मुलं डबे खात होती, मी म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम…

काय म्हणते?… साप दगडाखाली होता?… दोघं तो बाहेर यायची वाट बघत होती… अर्धा तास?… आणि आलाच नाही?

अच्छा.

अहो, मला दिसलंच नाही ते. सव्वीस वर्षं चित्रकला शिकवतेय. दर जूनमध्ये फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते, ‘मनातलं काढा’. लाज वाटतेय मला, खरं सांगते…

तुम्ही कशाला माफी मागता?… नाही, नाही, तिच्या अब्बांना रागवू देऊ नका. ती खोटं बोलत नाहीये… काय, रंगपेटी शेजारच्या मुलीला देऊन टाकली?… कधी?… अहो, तिला द्या फोन. द्या ना, प्लीज.

अरिबा?… अगं, बाई बोलतेय. रडू नको… ऐक ना. चुकलं माझं. तुझ्या चित्राला मी हात लावायला नको होता… हो… हो गं, न विचारता… मी मुख्याध्यापकांना सांगते, आयोजकांना पत्र लिहिते. बक्षीस परत गेलं तर जाऊ दे… नकोच आहे?… बरं. पण तू काढशील ना पुन्हा? तस्संच काढ, नुसता दगड. मी बोटसुद्धा लावणार नाही…

का गं?

काय?… जरा मोठ्यानं बोल, बेटा… पुढच्या स्पर्धेला कागदावर नुसतं नाव घालून देतेस?… म्हणजे चित्र मीच काढायचं?…

नाही गं, असं नको… अरिबा?… अरिबा, ऐक… हॅलो?… हॅलो?