दंडावरची पट्टी

न्हाई न्हाई, ताई, तुमची साखर मोजायची पट्टी काढली न्हाई! पोरीच्या दंडावरच हाय, देवाशपथ — मोबाइल तेवढा बंद केलाय मी. त्येच बघून आलात व्हय जुन्नरवरनं, तुमच्याकडं आकडे येयाचे थांबले म्हणून? बसा की. अक्षदा झोपलीय आत. तिची आई शिनोलीला गेलीय, भावाकडं, आन मला एकट्याला पोरीच्या साखरेचं लई भ्या वाटतं, खोटं कशाला बोलू. मागच्या टायमाला साखर अशी चढली का आळेफाट्याला नेस्तोवर पोरीनं डोळे फिरवले, डॉक्टर म्हणले, कुंडलिक, जरा उशीर केला असता तर पोरगी हातची गेली असती. तवापासनं माझा जीवच थाऱ्यावर न्हाई — रातीला उठून तिच्या नाकाखाली बोट धरतो, श्वास चाललाय का बघतो. हासू नका.

आन आज तर तुमची पट्टी सारखी बोंबलत व्हती. टीं टीं टीं, साखर उतरली, साखर उतरली, चौसष्ट! तुमी समजावलं व्हतं, ध्यानात हाय माझ्या — बोटाच्या पट्टीत त्ये एन्झाइम असतं, उन्हातान्हात नासतं. तुमच्या पट्टीत त्ये न्हाईच, प्रथिनाचे बारके बारके तुकडे, पेप्टाइड का काय, पाण्यात सोडले का आपले आपण एकमेकांना धरून जाळी करतात, कुणी विणावी लागत न्हाई. घामातली साखर त्या जाळीला लागली का ईज वाहती आन मोबाइलवर आकडा येतो. मला लई आवडलं व्हतं त्ये, आख्ख्या आळीत सांगत फिरलो. पर तुमीच म्हणला व्हता ना, ही अजून तपासणीतली, इन्सुलिनचं इंजेक्शन बोट टोचून बघूनच द्यायचं? मग टोचलं. मशिनवर चारशे बारा! आता सांगा — माणसानं रक्ताचं ऐकायचं का घामाचं? मोबाइल बंद केला आन दिलं इंजेक्शन.

आवो, चढणारच ना साखर! सकाळपासनं माझ्याशेजारी बसून द्राक्षाच्या घडातले फुटके मणी काढत व्हती, कातरीनं. व्यापाऱ्याची गाडी यायची व्हती, शाळेला सुट्टी, म्हणली पप्पा मीबी करू लागते. बारका हात हाय, घडाच्या आत जातो. मी म्हणलं, खाल्लीस ना गं चोरून? तर न्हाईच म्हणती. एकबी मणी न्हाई, म्हणती, आईची शपथ. मी म्हणलं, मशिन खोटं बोलतं व्हय? लई बोललो — लबाड म्हणलो तिला. रडली. रुसली. जेवलीबी न्हाई, तशीच जाऊन पडली. आता गप झोपलीय. घाम आलाय लई, गार गार, पर उनाची दमली आसंल —

काय? हात? कुणाचे हात, तिचे? न्हाई... धुतले न्हाईत. नळाला पाणी नव्हतं, सदऱ्यालाच पुसलं बोट आन टोचलं. चिकट व्हणारच की, फुटक्या मण्यांचा रस, बोटाला बोट चिकटत व्हतं तिचं — ताई? ताई, आशा का बघताय?

बोटावरचा रस... मशिननं त्यो रस मोजला? म्हंजे खाल्ली न्हवती तिनं? म्हंजे पट्टी खरं — आन मी वरनं इंजेक्शन —

थांबा, मीबी येतो! अक्षू! ए अक्षू! उठ बाय! — डोळं उघडंना, ताई! मान बघा कशी टाकलीय! साखर? साखर न्हाई वो, तिच्यापायी घरात साखर ठेवतच न्हाई आमी, गूळबी न्हाई. ग्लुकोजचा डबा आईच्या पिशवीत, त्यो गेला शिनोलीला! तुमी एकशे आठला फोन लावा, लावा आधी — द्राक्षं! द्राक्षं हायेत की, पडवीत क्रेट भरलेत! आणतो —

ह्यो घ्या. पिळू? मणी न्हाई, नुसता रस? बरं, कुशीवर करतो. बोटानं गालाच्या आत, थोडा थोडा... तुमी धरा तिचं डोकं. आन त्यो मोबाइल चालू करा, फळीवर हाय. वाजू द्या. किती बोंबलायचं तेवढं बोंबलू द्या त्याला.

चाट, बाय माझी. गोड हाय बघ. चोरून न्हाई, पप्पाच देतोय. तू खरी, मी लबाड. जीभ हलली का वो? हलली? मला दिसंना, डोळ्यांत पाणीच लई... चाट गं अक्षू. आख्खा क्रेट खा. उठ आन खा. कायबी बोलत न्हाई बघ मी. कायबी बोलत न्हाई.