भांडारातली चार माणसं

बाई: नाहीत म्हणजे? आज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी त्यांनी माझा कागद परत पाठवलाय. तिसऱ्यांदा!

काका: पाठवला असेल. स्वभावच तसा. बसा ना. त्या पेटीवर नको, तीत बेअरिंग आहेत. या स्टुलावर बसा.

बाई: काका, मुख्य कचेरीतून इथवर दोन तास बसूनच आलेय. मला भांडारप्रमुखांना भेटायचंय. पाच मिनिटं.

काका: खडूसला भेटून अजून कुणाचं भलं झालं नाही.

बाई: कोण खडूस?

काका: भांडारप्रमुखच हो. सगळे तसंच म्हणायचे. तोंडावर कोण म्हणेल! पण कागद तरी कसला एवढा?

बाई: ते गोपनीय आहे.

काका: असं का.

बाई: पहिल्यांदा शेरा मारला, 'कारण अपुरे'. मी दोन पानं कारण लिहिलं. मग म्हणे, 'पाने जास्त'. आणि आज काय, तर 'कागदावरून माणूस कळत नाही, प्रत्यक्ष येऊन पाहावे'. म्हटलं, येतेच.

काका: तेवढं मात्र बरं लिहिलं त्यांनी.

फिटर: (खिडकीतून) काका, पट्टा द्या की! तीन नंबरचं मशीन सकाळपासून बंद पडलंय.

काका: खडूसने कागद परत पाठवला. मागणीत रुंदी लिहायची राहिली होती.

फिटर: मागणी लिहिली कुणी?

काका: मी.

फिटर: मग सांगा त्याला, चुकलं माझं म्हणून.

काका: सांगितलं. नव्याने लिहा म्हणतो.

फिटर: अहो, तो बघा पट्टा, त्या खिळ्याला लटकलाय! हात लांब केला तर लागेल मला.

काका: करून बघ. तपासणीच्या बारक्याने दोनदा मोजून ठेवलेत. आणि नवी मागणी ताईंकडे आहे. त्या जेवायला गेल्यात.

फिटर: दीडपर्यंत, ठाऊक आहे. बरं बाबा, येतो दीडला. ताईंना नमस्कार सांगा माझा.

बाई: हा हसत का गेला?

काका: हसरा आहे तो मुळातच.

बाई: खरेदीच्या ताई इथेच बसतात होय? त्यांनाही भेटते. आमच्या कामाच्या तक्त्यात सगळ्या कारखान्यात त्या पहिल्या आहेत. सोळा वर्षं एकही चूक नाही. आम्ही ढाल पाठवली होती त्यांना.

काका: मिळाली. त्यांच्या लेकीच्या घरी नेऊन दिली मी. रडल्या हो. म्हणाल्या, उशिरा का होईना, आठवण ठेवलीत.

बाई: उशिरा का? आणि लेकीच्या घरी कशाला? काका, इथे खुर्ची एकच दिसते.

काका: एकच आहे.

बाई: संगणकही एकच.

काका: आधी चार होते. तुमचेच लोक घेऊन गेले. म्हणाले, आता सगळं काम लांबच्या एका मोठ्या मशीनवर चालतं, इथे वहीएवढी पेटी आणि एक पडदा पुरे. वीज वाचली, एसी वाचला, दुरुस्तीवाला वाचला.

बाई: आणि हा डबा?

काका: माझा. खाता का थोडं?

बाई: मग ताई कुठे जेवतात?

काका: लेकीकडे. तीन वर्षं झाली.

बाई: ...आणि तपासणीचे बारक्या?

काका: तो दुसरीकडे लागला. बरा पगार आहे, असं ऐकतो.

बाई: आणि प्रमुख? ते तरी...

काका: ते चार वर्षांपूर्वी गेले. आधी नोकरीतून. मग दोन वर्षांनी तसेही गेले.

बाई: काका! मग नऊ वीसला शेरा कुणी मारला?

काका: खडूसनेच. बोटं तेवढी माझी होती.

बाई: अहो, हे... हे भयंकर आहे!

काका: आहेच. पण ऐकून तर घ्या. नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा सांगितलं, आता माणसं कमी लागतील. लगेच कमी केलीही. पण ते त्या सॉफ्टवेअरला कुणी सांगितलंच नाही. त्याला अजून एका पट्ट्यामागे चार नावं लागतात. मागणारा वेगळा, तपासणारा वेगळा, खरेदीवाला वेगळा, मंजूर करणारा वेगळा. मी फोन केला. तिकडून म्हणाले, तूर्तास चालवून घ्या. तिघांचे पासवर्ड सांगितले, मी चिठ्ठीवर उतरवून घेतले. ते तूर्तास अजून चालू आहे.

बाई: कोण बोललं फोनवर?

काका: त्यालाही नंतर कमी केला म्हणतात.

बाई: बरं, पण एवढं सांगा, सगळे तुम्हीच आहात तर स्वतःचीच मागणी परत का पाठवता?

काका: रुंदी नव्हती ना लिहिलेली. खडूसने सोडलं असतं? एकदा घाईत त्याच्या नावाने न वाचता मंजूर करून टाकलं. दोन पोती चुकीचे बोल्ट आले. तेव्हापासून ठरवलं, ज्याचं काम त्याच्या रीतीने. बारक्या दोनदा मोजायचा, मी दोनदा मोजतो. ताई दर विचारताना तीन दुकानांना फोन करायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत कशाला म्हणून हात लावायच्या नाहीत. मीही लावत नाही.

बाई: म्हणजे माझा कागदही तुम्ही वाचला.

काका: खडूसने वाचला. मला दोन दिवस बोलला नाही काही.

बाई: काका, थट्टा पुरे. मला खरंच वाईट वाटतंय. ते सॉफ्टवेअर नावागणिक पैसे घेतं, दरवर्षी. म्हणून ठरलं, प्रत्येक विभागातलं सगळ्यात कमी कामाचं एक नाव काढायचं. नाव तक्ताच काढून देतो. ताई पहिल्या आल्या, बारक्या दुसरे, प्रमुख तिसरे...

काका: आणि मी चौथा.

बाई: तुम्ही नुसत्या मागण्या करता ना. तक्त्याला वाटतं, हा माणूस दिवसभर मागतच बसतो.

काका: बायकोही तेच म्हणते.

बाई: निवृत्तीला किती राहिलेत?

काका: आठ महिने. पुरे झाले तर पेन्शन पुरी. नाही झाले तर अर्धी. बाई, मला काढाल, पण मग उरलेल्या तिघांना चालवणार कोण? हे त्या दोन पानांत नव्हतं. म्हणून कारण अपुरे लिहिलं. माझ्यासाठी म्हणून नव्हे, खडूसने तसंच लिहिलं असतं.

बाई: सरका जरा. तुमच्या त्या पडद्यासमोर मला बसू द्या.

काका: काय करताय?

बाई: मला एक नाव कमी करून आणायला सांगितलंय. मी तीन नेते. साहेब खूश होतील, कसे ते विचारणार नाहीत. चार सह्यांची अट दोनावर आणायची विनंती टाकतेय. ती आजच पास करून घेते, माझं काम. इथली एक सही तुमची. दुसरी तिकडून मी करीन.

काका: तुम्ही? न बघता दाबून टाकाल बटण.

बाई: रुंदी नसेल तर परत पाठवीन.

काका: मग चालेल.

बाई: आणि ती चिठ्ठी फाडून टाका. पण आधी तिघांची संमती लागेल. नाव काढायचं तर ज्याचं त्याने बटण दाबावं लागतं. या, बसा. पहिले बारक्या.

काका: थांबा, दोनदा वाचू दे. ...हं. गेला बारक्या.

बाई: आता प्रमुख.

काका: हा पहिल्या फेरीत परत पाठवायचाच. आयुष्यात एकदाही...

बाई: काका!

काका: बरं, बरं. चष्मा कुठे गेला माझा? ...केलं मंजूर. शेरा लिहायची जागा आहे, रिकामी सोडवत नाही.

बाई: काय लिहिलंत?

काका: 'कारण पुरेसे.'

बाई: ...छान लिहिलंत. आता ताईंचं तेवढं दाबा. मग मी निघते, खाली गाडी ताटकळलीये.

काका: एक वाजून बावीस मिनिटं झालीत, बाई.

बाई: मग?

काका: आठ मिनिटं थांबू या. जेवतायत त्या.