बारीक नळी

अगं दाखवते ना नळी, पळून चाललीये का ती — आधी बस तरी. आणि ती पिशवी ठेव खाली, मांडीवर काय घेऊन बसलीस परक्या घरी आल्यासारखी. हीटरपाशी नको, तिकडे खुर्चीवर ठेव. हां. सायकलवर आलीस ना या थंडीत? नाक बघ कसं लाल झालंय. चहा टाकते, आलं घालून. चारुदत्त हॅनोव्हरला गेलाय, प्रदर्शनाला, कबीर त्याच्या फुटबॉलला — म्हणजे घर आपलंच आहे. दिवाळीनंतर फिरकलीच नाहीस तू, स्वराली. एक फोन नाही, मेसेज नाही. मी म्हटलं, ही पण आता — जाऊ दे, काही बोलत नाही मी, आलीस ना, झालं. तू येणार म्हणून आज केस विंचरलेत मी, विश्वास ठेव.

तर तुझ्या बाबांना मशीन सांगितलंय. नाशिकला. आणि घोरतात म्हणजे किती घोरतात? मध्येच श्वास थांबतो, मग दचकून उठतात — गेनाऊ, तेच ते, माझंही तेच. काही अवघड नाही गं. मशीन हवा ढकलतं, नळीतून मास्कमध्ये, मास्कमधून नाकात, आणि त्या हवेच्या दाबाने घसा मिटत नाही. एवढंच. पण बाबांना एक सांग, मशीनच्या पडद्यावर काय दिसतं त्याच्यावर जाऊ नका म्हणावं. नळी बघा. नळी केवढी जाड आहे, आणि मशीनला कुठली नळी सांगून ठेवलीये, ते बघा. का म्हणजे? सांगते की. कोथरूडला आमच्या सोसायटीत गच्चीवर टाकी होती, काठोकाठ भरलेली, सेक्रेटरी रोज वर जाऊन बघून यायचा आणि सांगायचा, पाणी भरपूर आहे. आणि आमच्या नळाला करंगळीएवढी धार. कारण मधला पाइप बारीक, त्यात वळणं, त्यात गंज. आई तक्रार करायला गेली की तो म्हणायचा, वहिनी, मी स्वतः बघितलंय, टाकी भरलेली आहे. तसं आहे हे. मशीन दाब मोजतं ते स्वतःच्या तोंडाशी. पुढे नळी किती खाते, मधला फिल्टर किती खातो, मास्क किती खातो, ते त्याला कळत नाही — आपण सांगितलं तरच कळतं, मग ते तेवढं वाढवून देतं. सांगितलं नाही तर पडद्यावर दहा, आणि श्वास ओढताना माझ्या नाकाशी किती, देवाला ठाऊक. देवाला आणि चारुदत्तला.

तुला पुष्करने सांगितलं असेलच थोडंफार. दोघांचे नवरे एकाच टीममधले आपले. नाही? काहीच नाही? बरं.

तर आल्झो — माझी आधीची नळी जाड होती, इथल्या सप्लायरने दिलेली. दोन वर्षं मस्त चाललं होतं. मग एकदा चारुदत्त ऑफिसातून आला, कोट काढायच्या आधी खिशातून ही बारीक नळी काढली, पांढरी, मऊ, आणि म्हणाला, तुझ्या गळ्याभोवती ती जाड नळी बघवत नाही गं मला. असं म्हणाला तो. चारुदत्त. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला जो माणूस कॅलेंडर बघून 'अरे हो' म्हणतो, तो. मला काय वाटलं असेल सांग — मी हुरळून गेले, अक्षरशः. आईची जुनी इरकल होती, हिरवी, घड्यांवर विरलेली, ती कापून तिचं कव्हर शिवलं नळीला, काठ वर येईल असं. कीर्तीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं — माझी धाकटी बहीण, ती हसली, म्हणाली, ताई, लोकं नवऱ्याने दिलेलं मंगळसूत्र मिरवतात, तू नळी मिरव. मिरवली मी. तुलाही दाखवली होती, आठवतं?

बाथरूम ना? बेडरूमच्या शेजारी, नेहमीचंच. जा. पिशवी कशाला गं? बरं, ने. चहा होतोय तोवर.

आलीस? बराच वेळ लागला गं. आणि चेहरा असा काय पांढरा पडलाय — काही गोड बातमी नाही ना? लाजतेस काय, पहिल्या वेळी मलाच तर आधी सांगितलं होतंस, पुष्करच्याही आधी. तुझ्या आईचा व्हिसा अडकला होता, बाळाला पहिली आंघोळ मी घातली, आणि तू दारात उभी राहून रडत होतीस, साबण डोळ्यांत जाईल म्हणून. बरं बरं, नाही म्हणतेस तर नाही. घे, चहा घे. डिंकाचे लाडू पण केलेत. पुष्करला आवडतात म्हणून, नाहीतर माझ्यात कुठला एवढा उरक असायचा मागच्या वर्षी.

नव्हताच ना. तू बघितलंयस मला. सकाळी उठले की डोक्यात कुणी ओली वाळू भरलीये असं वाटायचं. बोलता बोलता शब्द निसटायचे. कबीर शाळेतून आला की मी सोफ्यावर, तो म्हणायचा, मामा, डू श्लेफ्स्ट शोन वीडर — आई, परत झोपलीस तू — आणि स्वतःच ब्रेडला बटर लावून घ्यायचा. चारुदत्त माझ्या सासूबाईंना फोनवर सांगायचा, शुभाचं वजन वाढलंय, हिंडत-फिरत नाही, मन रमवत नाही कशात. मी तिथेच असायचे, भाजी चिरत. मला वाटायचं, खरंच असेल. नळीचं मनातसुद्धा आलं नाही, नळी तर प्रेमाने आणलेली.

आणि मग ते कीटाचं, बालवाडीचं झालं. चाळिशी उलटल्यावर परत शाळेत बसले होते मी, जर्मन पोरींच्या शेजारी, ते ट्रेनिंग केलं, परीक्षा दिली, तिथे नोकरी लागली — तुला माहितीये मी पेढे वाटले होते. प्रोबेत्साइट, तो कच्च्या नोकरीचा काळ, चालू होता अजून. दुपारची मुलं निजवायची वेळ, पडदे ओढलेले, बारीक गाणं लावलेलं, मी एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत बसलेले — आणि कोण झोपलं? मी झोपले. मुलं जागी. एक चिमुरडी उठून बाहेर गेली, बागेतून थेट फाटकापाशी. समोरच्या बेकरीवालीने बघितलं म्हणून. काही झालं नाही, खरंच काही झालं नाही, पण झालं असतं तर. मुख्य बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, तुम्ही मुलांसाठी फार चांगल्या आहात, पण मी तुमच्या भरवशावर मुलं सोडू शकत नाही. उपचार नीट चालू आहेत ना, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, हो, एकदम नीट. माझा नवराच त्यातला आहे.

हो ना, हसायलाच येतं. मलाही येतं कधी कधी.

मग क्लिनिकला गेलो. आता बघ, जर्मन मला येतं, तुझ्यापेक्षा चांगलं येतं, रागावू नकोस — पण हा विषय त्याचा, मग तोच बोलायचा, मी शेजारी बसायचे. सोनाराने कान टोचलेले बरे, असं मला वाटायचं. डॉक्टरीणबाईंनी मशीनचे आकडे काढले, सगळे ठीकठाक. आता पूर्ण थांबलेला श्वास मशीन मोजतं, पण अर्धवट ओढलेला, सारखी मोडणारी झोप, ती कुठे मोजतं ते? बाईंनी विचारलं, मास्क, नळी, काही बदललंय का मध्यंतरी? मी तोंड उघडलं — नळी बदललीये की, म्हणणारच होते — आणि त्याने माझ्या हातावर हात ठेवला. असा. आणि म्हणाला, नाही, सगळं तेच आहे, ही झोपेत मास्क काढून टाकते बहुतेक. आणि मी, स्वराली — मी गप्प बसले. का? हात ठेवला म्हणून. चारचौघांत त्याने कधी माझा हात धरला नव्हता. मला बरं वाटलं. हे कुणाला बोलले नव्हते मी, तुझ्यासमोर निघालं तोंडातून.

कळलं ते दिवाळीच्या फराळाला. तू होतीस की त्या हॉलवर, पोराला भरवत होतीस. तुमचा तो अनिमेष, त्यांच्या टीममध्ये नवीन लागलेला, चांगला मुलगा आहे बिचारा, हातात चकली घेऊन माझ्यापाशी आला आणि म्हणाला, वहिनी, तुमचे खरंच आभार, एवढे महिने आमची नळी घरी वापरून बघायला दुसरं कोण तयार झालं असतं, तेही सेटिंग न बदलता. मी म्हटलं, कुठली नळी? त्याला वाटलं मी गंमत करतेय. तो सांगत सुटला — की आपल्या नळीची खासियतच ही की कुठल्याही मशीनला नुसती लावायची, आत काही बदलायला नको, आणि ते खरं आहे की नाही हे कुणीतरी रोज झोपून दाखवायला हवं होतं. माणसांवर रीतसर चाचणी करायची तर परवानगी लागते, फार वेळ जातो. मग घरचं माणूस होतंच. मी. चकली संपेपर्यंत सगळं सांगून झालं त्याचं.

खाली केलरमधून, तळघरातून, जुनी जाड नळी शोधून काढली आणि लावली. सकाळी जाग आली तर खिडकीत उजेड, आणि डोकं — मी पडूनच राहिले, म्हटलं हे माझंच डोकं आहे का? कबीरला पोहे करून दिले. तो बघतच राहिला.

विचारलं ना, विचारल्याशिवाय राहीन का मी. भांडले नाही. म्हटलं, चारुदत्त, तुला माहीत होतं. बागेत पाणी घालताना पाइपला पीळ पडला की तूच मला ऐकवतोस, प्रत्येक वळण दाब खातं म्हणून. तर म्हणतो कसा, इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. म्हटलं, माझी नोकरी गेली तेव्हा तरी? तेव्हा काय वाटलं? तर माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे — 'अगं, तुझ्यापेक्षा विश्वासाचं कोण होतं मला?'

ऐकलंस? हे म्हणाला तो. माझ्या विश्वासाचं काय, ते त्याच्या मनातही आलं नाही. आणि मला काय हवं होतं माहितीये, नुसतं 'चुकलं' म्हणाला असता ना, तर मी कुठे गेले नसते. डबा रोज देतेच आहे अजून त्याचा. पण तेवढंही म्हणाला नाही. उलट तेव्हापासून घरात कपाटं उघडतोय, ड्रॉवर हुडकतोय. मी माझ्या पर्समध्ये घेऊन हिंडत होते नळी, कव्हरसकट. परवा एकटी गेले डॉक्टरीणबाईंकडे, सगळं सांगितलं, माझ्या तोंडाने. त्या म्हणाल्या, सोमवारी मशीन घेऊन या, नळी, मास्क, फिल्टर, जसं होतं तसं लावून, आम्ही इथे नाकाशी दाब मोजू, आणि मग मी लिहून देईन की दोष उपचारात होता, तुमच्यात नाही. ते कीटामध्ये दाखवलं की मुख्य बाई परत घेतील मला, त्या थांबल्यात माझ्यासाठी. म्हणून तो हॅनोव्हरला गेल्या गेल्या परत लावून ठेवलीये बारीक नळी. आता ती नळी हाच माझा साक्षीदार. नाहीतर काय, एका बाजूला इंजिनिअर नवरा आणि मशीनचे आकडे, दुसऱ्या बाजूला मी, झोपाळू बाई. कोण ऐकणार?

तू ऐकलंस. बरं वाटलं गं. अगं, रडतेस काय तू, वेडी का काय. माझं होईल सगळं नीट. पूस डोळे. निघालीस? नळी बघायची होती ना तुला — राहू दे म्हणतेस? मगाशी तर एवढी घाई होती. बरं, लाडू तरी ने. थांब, डबा भरते, पिशवीत मीच ठेवते, तुझ्याने सांडतील. अगं ओढतेस काय पिशवी, ठेवू दे ना —

हा काठ माझ्या आईच्या इरकलीचा आहे.

कव्हर निघालं नाही, नाही का? निघणार नाही. मी दोन्हीकडून टाके घातलेत. आत मशीनला आता काय आहे, जाड नळी? कोरी? म्हणजे येताना घेऊनच आली होतीस. बाबा नाशिकला घोरतात हे तरी खरं आहे का?

नको, बोलू नकोस. पुष्करची नोकरी, व्हिसाचं ब्लू कार्ड, नवीन घर — कळतं मला, सगळं कळतं. फर्म अडचणीत आली तर तुम्ही कुठे जाणार. चारुदत्तने पाठवलं की पुष्करने, तेही मला ऐकायचं नाही. सगळं ऐकून घेतलंस गं. चहा पीत, माझ्या डोळ्यांत बघत, पिशवी पायाशी घेऊन. मागितली असतीस ना, तर बहुतेक दिलीही असती मी. तेवढी वेडी आहे अजून.

काढ ती. तू काढ, मी हात घालणार नाही तुझ्या पिशवीत. ठेव इथे टेबलावर. हं.

हे लाडू घे. घे म्हटलं ना, पोराला दे, त्याने काय केलंय. बूट घाल, आणि जिन्यात जपून, खाली फरशी ओली असते. आणि स्वराली — डबा परत आणू नकोस.