ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा

पप्पा : हे कुठलं उचलून आणलंस, आमू?

आम्रपाली : ऑइल. जीपचं बदलायचंय म्हणालात ना? दुकानात सगळ्यात चांगलं मागितलं.

पप्पा : पाच-तीस ग्रेडचं. फुल सिंथेटिक. वा! जीपला लग्नाला नेतेस की काय?

आम्रपाली : चांगलं नाही का?

पप्पा : चांगलंच आहे. पण कुणासाठी, ते बघायचं. हे पातळ असतं. तुझ्या नव्या गाडीत सगळं घट्ट बसवलेलं, तिथे पातळच लागतं. ही आता माझ्यासारखी, सांधे सैल झालेली. डोंगर चढताना तापली की हे पाण्यासारखं होईल, आत धरूनच राहणार नाही. हिला पंधरा-चाळीस. डिझेलचं, साधं, डांगे चौकात मिळतं ते.

आम्रपाली : मग हे परत करते.

पप्पा : राहू दे. तुझ्या गाडीत घालू. आधी वाकून बघ, भांडं नीट नटाखाली आहे ना?

आम्रपाली : आहे.

पप्पा : मग हात मागे घे. गरम येईल.

आम्रपाली : गरम असताना कशाला काढायचं?

पप्पा : थंड झालं की घाण आतच बसून राहते. गरम तेल ती घेऊन बाहेर पडतं. म्हणून तर तुला मघाशी देहूपर्यंत फिरवून आणलं.

आम्रपाली : मला वाटलं, मला फिरवायला नेलंत.

पप्पा : ते पण. एका डिझेलात दोन कामं. हां... सुटला नट. बघ धार.

आम्रपाली : केवढं काळं!

पप्पा : काळं झालं म्हणजे त्यानं काम केलंय. काळ्याला घाबरायचं नाही. दुधाळ दिसलं तर घाबरायचं. म्हणजे आपण ओढ्यात उतरलो तेव्हा पाणी आत गेलं. बोटावर घे थोडं, चोळ. कचकच लागते का?

आम्रपाली : नाही. मऊ आहे.

पप्पा : मग ठणठणीत आहे म्हातारी. फडक्याला पूस गं, ओढणीला काय पुसतेस! तुझी आई असती तर दोघांना आज शेडमध्येच जेवायला वाढलं असतं.

आम्रपाली : वाढलंच होतं एकदा. वरण-भात. धाकटा विक्की खिडकीतून हसत होता.

पप्पा : आठवतंय तुला! ...आमू, एक विचारू?

आम्रपाली : विचारा की.

पप्पा : आई गेल्यावर दर रविवारी तुला घेऊन भामचंद्र डोंगराच्या मागची चढण चढायचो. विक्की सरळ सांगायचा, मॅच आहे, मी येत नाही. तू कधी नाही म्हणाली नाहीस. शेजारी बसायचीस आणि चढण लागली की डोळे गच्च मिटून घ्यायचीस.

आम्रपाली : हं.

पप्पा : गिअर बदलताना मी बघायचो. वाटायचं, पोरगी घाबरतेय आणि आपण आपल्या हौसेपायी हिला ओढत नेतोय. तुला आवडायचं का गं ते? की बापाचं मन राखायला यायचीस?

आम्रपाली : पप्पा, भांडं भरत आलंय.

पप्पा : मावतं त्यात सगळं. मी काय विचारलं?

आम्रपाली : सांडेल बघा. सांगते नंतर. आधी साबण कुठाय ते सांगा.

पप्पा : बेसिनवर. बरं, नको सांगूस. आता रात्रभर असंच गळू दे. शेवटचा थेंब पडला पाहिजे. सकाळी तेल आणतो, तू ये, मग दोघं मिळून भरू. टूलबॉक्समधला लाल टॅग दे इकडे.

आम्रपाली : रिटायर झालात तरी टॅग?

पप्पा : कंपनी सोडली म्हणून नियम सोडायचा काय? इंजिनात तेलाचा थेंब नाही. विक्की आला आणि सवयीनं चावी फिरवली तर? स्टेअरिंगला हा दिसला की हात जागीच थांबतो.

आम्रपाली : ‘चालू करू नका. काम सुरू आहे. बुद्धरत्न ओव्हाळ, मेंटेनन्स.’ टॅगवरच्या फोटोत केस किती काळे आहेत तुमचे!

पप्पा : केसांचं सोड. नियम सांग.

आम्रपाली : ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा. पाठ आहे हो. माझ्या अभ्यासाच्या टेबलालासुद्धा लावायचात.

पप्पा : तुला मध्येच कुणी कामाला उठवू नये म्हणून.

आम्रपाली : आणि टॅग लावून तुम्ही सेकंड शिफ्टला निघून जायचात! मला वाटायचं, आता तुम्ही येईपर्यंत मलाही उठता येणार नाही. तिथेच डोकं टेकून झोपायचे.

पप्पा : येऊन काढायचो की. उचलून गादीवर नेऊन टाकायचो तुला. पुस्तकासकट. पुस्तक काही सोडायची नाहीस तू.

आम्रपाली : झोपेत कळायचं मला. हाताला ऑइलचा वास यायचा तुमच्या.

पप्पा : चल, निघ आता. निगडीला पोचेपर्यंत ट्रॅफिक लागेल. सकाळी ये.

आम्रपाली : येते. चहा टाकून ठेवा.

(पुढच्या वर्षीचा मे महिना. रहाटणीतल्या घराचं तेच शेड. जीप तिथेच उभी आहे. स्टेअरिंगला लाल टॅग.)

साहेबराव : आमू, हायेस व्हय गं घरात?

आम्रपाली : शेडमध्ये आहे, काका. या. विक्कीनं पाठवलं ना तुम्हाला?

साहेबराव : पाठवतोय कसला. रडकुंडीला आला व्हता फोनवर. म्हणला, साहेबराव काका, तुम्ही पप्पांसंगं चाकणला इतकी वर्षं काम केलं, तुमचं तरी ऐकंल ती. ताईनं दोन मेकॅनिक माघारी धाडलं म्हणं.

आम्रपाली : त्यातल्या एकानं आल्या आल्या टॅगलाच हात घातला.

साहेबराव : मग बरं केलंस. म्याबी हाकलला असता. पर पोरी, बुद्धरत्न गेला त्याला एक पावसाळा झाला, हिवाळा झाला. इंजिन त्या रातीपासनं कोरडं हाय.

आम्रपाली : माहीत आहे.

साहेबराव : झोपंतच गेला गडी. कुणाला हाक मारायचीबी सवड न्हाई घेतली. खालचं भांडं तसंच हाय का?

आम्रपाली : ते मी उचललं. त्याच सकाळी. चहाला म्हणून आले होते. घरात सगळे जमले, मला काय करावं कळेना, म्हणून इथे येऊन वाकून बघितलं. शेवटचा थेंब पडून गेला होता.

साहेबराव : ...हं. आता म्या स्पष्ट बोलतो, राग मानू नको. अजून एक पावसाळा ही अशीच ऱ्हायली तर आतनं गंजंल, जाम व्हईल. मग ती बुद्धरत्नाची जीप न्हाई ऱ्हानार. भंगार व्हईल.

आम्रपाली : तेल आणलंय, काका.

साहेबराव : कोणतं?

आम्रपाली : पंधरा-चाळीस. दुकानदार सिंथेटिक काढून दाखवत होता. म्हटलं, चांगलं आहे, पण हिच्यासाठी नाही. हिचे सांधे सैल आहेत.

साहेबराव : आरं तिच्या! बाप बोलला बघ.

आम्रपाली : नवा फिल्टर आणलाय. नटाचा तांब्याचा वॉशरसुद्धा. दिवाळीपासून सगळं मागच्या सीटखाली आहे.

साहेबराव : दिवाळीपासनं? मग अडलं कुठं?

आम्रपाली : टॅगपाशी.

साहेबराव : टॅगपाशी? त्यो कसा?

आम्रपाली : वेडेपणा वाटेल तुम्हाला. पण टॅग पप्पा येऊन काढायचे. नेहमी. मी काढला, तर ते येणार नाहीत हे मीच ठरवल्यासारखं होईल.

साहेबराव : वेडेपणा कसला? म्या जित्ता हाय त्यो टॅगपायी. सांगितलं न्हाई त्यानं?

आम्रपाली : नाही. काय?

साहेबराव : न्हाईच सांगणार. म्या प्रेस मशीनच्या आत शिरलो व्हतो, साफ कराया. बाहेर माझा टॅग. तेवढ्यात शिफ्ट बदलली. नव्या सुपरवायझरला वाटलं, साहेबराव टॅग इसरून घरी गेला. म्हणला, काढा आन् लाईन चालू करा. तुझा बाप मधी उभा ऱ्हायला. म्हणला, आधी त्याला फोन लावा. त्यो वरडतोय, ह्यो हालत न्हाई. शेवटी लावला फोन. वाजला कुठं ठाव हाय? प्रेसच्या आत, माझ्या खिशात.

आम्रपाली : काका...

साहेबराव : तवापास्नं दर दसऱ्याला म्या इथं येतो. तुला वाटायचं, सोनं द्यायला येतात काका.

आम्रपाली : म्हणजे तुम्हीही सांगताय, नाही काढायचा.

साहेबराव : आगं ऐक तरी. नियमाचा दुसरा भाग ऱ्हायला की तुझा. टॅग लावणारा खरंच प्लांटात नसंल तर काय काम जन्मभर थांबतं व्हय? आधी त्याला सगळीकडं शोधायचं. 

आम्रपाली : शोधून झालंय, काका.

साहेबराव : ठाव हाय, बाळा. मग दुसऱ्यानं मशीन नीट तपासायचं. आन् टॅग काढायचा, पर त्याच्या कानावर घालायचं. चोरून न्हाई काढायचा. सांगायचं, बाबा, तुझं काम आता माझ्याकडं आलं.

आम्रपाली : कानावर घालायचं...

साहेबराव : त्ये मागनं. आधी तपासायचं. माझा गुडघा वाकत न्हाई, खाली तू जा.

आम्रपाली : नट पुसून घेतला. वॉशर बसला. किती आवळू?

साहेबराव : बसला की वाईच अजून. ताकद न्हाई दाखवायची, आटे जातील.

आम्रपाली : झालं. फिल्टर आधी तेलानं भरून घेते, मग चढवते.

साहेबराव : ह्ये कुणी शिकवलं?

आम्रपाली : शिकवलं नाही. मी इथे स्टुलावर पुस्तक घेऊन बसायचे. दिसायचं.

साहेबराव : म्हंजे पुस्तक नुसतं हातात व्हतं.

आम्रपाली : बरेचदा.

साहेबराव : रबराला बोटानं तेल लाव. हां. आता वरनं वत, हळू. थांब... मुरू दे. तेल मोजायची काठी पुसून घाल, परत काढ. काय म्हणती?

आम्रपाली : वरच्या खुणेच्या जरा खाली.

साहेबराव : बास झालं. बॅटरी म्या चार्ज करून आणलीया, जोडतो. आता नीट ऐक. चावी फिरवताना ती बंद करायची मूठ वढून धरायची. इंजिन नुसतं फिरंल, पेटणार न्हाई. इतकं महिनं कोरडं ऱ्हायलंय, तेल पार वरपत्तुर पोचू दे. ऑइलचा काटा हालला की मूठ सोड.

आम्रपाली : मी बसू?

साहेबराव : मग काय म्या बसू? म्या च्या घेऊन येतो कोपऱ्यावरनं.

आम्रपाली : थांबा ना, काका.

साहेबराव : न्हाई. कानावर घालायचं त्ये दोघांतलं असतं. साखर कमी ना तुझ्यात?

आम्रपाली : हो. कमी.

साहेबराव : आलोच म्या. सावकाश येतो.

आम्रपाली : ...पप्पा.

आम्रपाली : पप्पा, सगळं तपासलंय. वॉशर नवा आहे. तेल तुमचंच, पंधरा-चाळीस. खाली गळत नाहीये, दोनदा वाकून बघितलं. पाच-तीस माझ्या गाडीत घातलं.

आम्रपाली : तुम्ही विचारलं होतंत आणि मी म्हणाले, भांडं भरलंय. मला आवडायचं, पप्पा. सगळ्यात जास्त तेच आवडायचं. चढणीला डोळे मिटायचे ते भीतीनं नाही. टेबलावर झोपायचे ना, तसंच ते. गाडी तुमच्या हातात होती. मला बघायची गरजच वाटायची नाही.

आम्रपाली : आज डोळे उघडे ठेवते. टॅग काढतेय हं, पप्पा.