दोनशे कप थुंकणारा माणूस

दाताच्या दवाखान्यात चहा-परीक्षकाची बायको आणि त्याच्या कंपनीत चाखायचा चहा करणारी बाई शेजारी बसल्या होत्या. समोरचे मास्तर दुखरी दाढ विसरून ऐकत होते.

“तुमच्या चहावर म्हणे हे वहीभर लिहितात. मधाळ काय, रेशमी काय!”

“दिवसाला दोनशे कप, वहिनी. कामच आहे ते.”

“माझ्या चहाला वीस वर्षांत साधं ‘हं’ नाही. पेपरात तोंड खुपसून नुसता ढोसायचा.”

“ढोसतात? म्हणजे गिळतात?”

“मग काय करतील?”

“आमच्याकडे प्रत्येक घोट थुंकतात. माझा एक थेंबही त्यांच्या घशाखाली उतरलेला नाही.”

“एकही नाही?”

“नाही.”

“इतक्या वर्षांत?”

“नाही म्हटलं ना!”

“नाही, दाढदुखीनं नीट ऐकू येत नाही हो,” वहिनी गाल धरून खुर्ची जवळ ओढत म्हणाल्या. “परत सांगा.”